कॉमनवर चॅनल सहा

पोलीस वायरलेसवर आपल्याबद्दल काय बोलतात, हे मला फार दिवसांपासून ऐकायचं होतं.

साउथहॅम्प्टनला आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मोठं कॉमन आहे. गवत, तळं, जुनी झाडं, मोकळी सोडलेली कुत्री आणि ऊन पडलं की शर्ट काढून आडवे झालेले लोक. कॉमन म्हणजे सगळ्यांचं. तिथे कसलीही निदर्शनं असली की मी पत्रकं वाटायला जायचे, आणि दर वेळी जरा लांब दोन पोलीस उभे असायचे. त्यातला एक मान तिरकी करून खांद्यावरच्या रेडिओत काहीतरी पुटपुटायचा आणि मग आमच्याकडे बघायचा. एवढंच. पण माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं. जमीन सगळ्यांची, पगार सगळ्यांच्या करातून, हवा तर कुणाच्याच बापाची नाही; मग त्या हवेतून चाललेलं वाक्य मला का ऐकू येऊ नये?

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. हे उगाच नटवून सांगत नाहीये. आमच्या जेवणाच्या टेबलावर कायम पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि ताटं त्यांच्यातून वाट काढत ठेवावी लागायची. मराठी अक्षरं मी पप्पांच्या पत्रकांची प्रुफं बघत शिकले, त्यामुळे ‘भोपळा’ यायच्या आधी मला ‘जाहीर’ आणि ‘निषेध’ येत होते. चार वर्षांची असताना मम्मीकडे बिस्कीट मागताना मी ‘माझी मागणी आहे की’ अशी सुरुवात केली होती म्हणे. पप्पा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे आणि उरलेल्या वेळात भाषणं करायचे. जयंती, धम्मदीक्षा दिन, कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाचं घर घेणं. पप्पा उठले की माणसं खुर्चीत नीट सावरून बसायची. तोंडाने बोलून माणूस उभा करता येतो, असं मी त्यांच्याकडे बघून समजत होते.

गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन चांगलं झालं, गाठ साधी होती, पण आवाजाची एक नस तिला चिकटलेली होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाज जाऊ शकतो. तो गेला. राहिली ती नुसती कुजबुज, हातभर अंतराच्या पलीकडे न पोचणारी. पप्पांनी तक्रार केली नाही. बोलणंच बंद केलं. फोन आला की मम्मीकडे द्यायचे. कार्यक्रमाला जायचं टाळायचे. मम्मी म्हणाली, “तीस वर्षं मी म्हणत होते, जरा गप्प बसा. आता घरात घड्याळ ऐकू येतं, तर मला झोप लागत नाही.”

अशा दिवसांत मी स्कॅनर विकत घेतला.

एका स्काउट हॉलमध्ये हौशी रेडिओवाल्यांचा जुना बाजार भरला होता. एका टेबलामागे कानात यंत्र घातलेला एक म्हातारा गोरा माणूस बसला होता, आणि त्याच्यापुढे तो स्कॅनर पडलेला: विटेएवढा, वर काळी अँटेना, चालू केला की नारिंगी पडद्यावर आकडे सरसर पळायचे. कुठे कुणी बोलत असलं की आकडे थांबायचे.

“हा पोलिसांचं पकडतो का?” मी सरळ विचारलं.

म्हातारा इतका हसला की त्याच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. “नाही, लव्ह,” तो म्हणाला; इथे अनोळखी मुलीलाही लव्हच म्हणतात. “पोलीस कधीच डिजिटलवर गेले, कुलूपबंद. हा बिचारा त्यांच्या मांडीवर बसला तरी त्याला काही कळायचं नाही.”

“मग बोटी?”

“बोटी पकडतो. पण ऐकायच्या नाहीत.”

“बंदराच्या गावात राहून बोटी ऐकायच्या नाहीत?”

“जे आपल्यासाठी बोललेलं नाही ते ऐकायचं नाही, असा कायदा आहे. विमानंही नाहीत. यंत्र ठेवा, कुणी विचारत नाही. कान मात्र आवरा.”

“मग ऐकायचं काय?”

“आमच्यासारखे म्हातारे,” तो छातीवर हात ठेवून म्हणाला. “आम्ही हवापाणी आणि गुडघ्यांची ऑपरेशनं यावर बोलतो. ते ऐकायला पूर्ण परवानगी आहे.”

मी तो घेतला. शुद्ध रागाने घेतला. ट्रॅफिक लाइटला थांबले की पिशवीतून काढून आकडे पळताना बघत होते, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा मजाच जास्त वाटत होती.

घरी आल्यावर मी टेबलावर तो आपटला आणि भाषण ठोकलं. सार्वजनिक जमीन, सार्वजनिक नोकर, सार्वजनिक हवा, आणि जनतेने कान बंद ठेवायचे! पप्पा सोफ्यावरून उठले, माझ्या कानाशी आले आणि कित्येक दिवसांत बोलले नव्हते ते बोलले.

“आधी कायदा वाच.”

आमच्या घरात इतर लोक पत्ते खेळतात तसा कायदा वाचला जातो. लॅपटॉप उघडला, वायरलेसचा कायदा काढला, पप्पांनी चष्मा लावला. मी मोठ्याने वाचायचे आणि ते एकेका शब्दावर बोट ठेवून थांबवायचे. “इथे ‘किंवा’ आहे,” ते कुजबुजायचे. “‘आणि’ नाही. नीट वाच.” मी वाद घालायचे, ते मान हलवून पुढच्या कलमाकडे बोट करायचे. मम्मी चहा ठेवून दारात उभी राहिली होती आणि आमच्याकडे बघत होती, कलमांकडे नाही. शेवटी निकाल लागला: म्हातारा खरं बोलत होता. पण एक पट्टा होता, चारशे सेहेचाळीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा, जिथे विनापरवाना कुणीही बोलू शकतं. दुकानात मिळणारे वॉकीटॉकी, पोरांचे खेळण्यातले सेट, सगळे तिथेच. हवेतलं कॉमनच ते!

मग मी स्कॅनर त्या पट्ट्यावर लावून कॉमनवर जाऊन बसायला लागले, आणि काय सांगू, ते वेड लागण्यासारखं होतं. एका चॅनलवर फुटबॉलचा कोच कुणा लहानग्यावर ओरडत होता: आपल्याच गोलमध्ये नाही, आपल्याच गोलमध्ये नाही! दुसऱ्यावर एक जोडपं कुत्र्याला शिकवत होतं. तो कॉमनच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, आणि कुत्रं मध्ये. पण ऐकताना कळत होतं की कुत्रं शहाणं आहे, शिकवायची गरज या दोघांना आहे. तिसरीकडे छपरावरचे गवंडी खालच्या माणसाला चहात साखर किती ते सांगत होते. आणि चार नंबरवर एक घोगरा आवाज विचारत होता, तळ्याकडचं फाटक लावलं का.

हा कोण? फाटक लावणारा म्हणजे कॉमनचा वॉर्डन. वॉर्डन कचरा टाकल्याबद्दल दंड करतो, मोटारसायकली अडवतो, म्हणजे कायदा राबवणाराच झाला. आणि त्याचं बोलणं माझ्यासाठी आहे का? नाही. मी ताबडतोब बंद केलं. पण कुठलं चॅनल कुणाचं हे कळल्याशिवाय कुठलं टाळायचं हे कसं कळणार? तत्त्वाने चालणाऱ्या माणसाची ही मोठी पंचाईत असते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वॉर्डनच्या लाकडी खोपटात गेले आणि म्हणाले, “तुमची आणि पोलिसांची रेडिओची फ्रिक्वेन्सी कुठली, ते मला सांगा.”

खोपटात लाल नाकाचा, दाढीवाला वॉर्डन सँडविच खात होता आणि एक पोलीसबाई हीटरला पाय लावून बसली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“कशासाठी?” वॉर्डन म्हणाला.

“म्हणजे मला ती ऐकायला नको.”

सँडविच हवेतच थांबलं.

“तुम्हाला आमचं ऐकायचं नाही,” पोलीसबाई सावकाश म्हणाली, “म्हणून तुम्हाला आमचा नंबर हवा.”

“अर्थात. नाहीतर चुकून ऐकलं जाईल. कायद्याने ते बरोबर नाही.” आणि मी त्यांना कलम सांगितलं. ‘किंवा’सकट.

पोलीसबाईने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलत होते. “लव्ह,” ती म्हणाली, “माझं तुम्हाला ऐकू येणार नाही. मला स्वतःलाच निम्म्या वेळा येत नाही.” आणि वॉर्डनने टेबलावरचा सेट उचलून दाखवला. दुकानातला साधा वॉकीटॉकी, मागे चिकटपट्टी लावलेला. “चार नंबर,” तो म्हणाला. “तेवढा सोडून काय वाट्टेल ते करा.”

मी न राहवून विचारलं, “आणि निदर्शनांच्या वेळी तुम्ही खांद्यावर काय बोलता?”

पोलीसबाईने विचार केला. “बहुतेक वेळा, सुट्टी कधी होणार हेच.”

इतकी वर्षं सांभाळलेला माझा संताप त्या खोपटात फुस्स झाला. परतताना मी चार नंबरला स्कॅनरमध्ये कुलूप लावलं आणि एकटीच हसत सुटले.

मार्चमध्ये जयंतीची कमिटी बसली, म्हणजे लॅपटॉपवर. दरवर्षीचा हॉल या वेळी मिळणार नव्हता, छताचं काम निघालं होतं. मी म्हटलं, कॉमनवर करू. उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सगळ्यांना ते एकदम पसंत पडलं. लाउडस्पीकरला परवानगी लागते, तर अर्ज करायचा ठरला. आता अर्जात ‘आम्ही विनंती करतो’ लिहायचं की ‘आम्ही कळवू इच्छितो’, यावर चर्चा सुरू झाली. क्रॉयडनचे काका आमचे कायमचे अध्यक्ष. ते हिशेबनीस आहेत आणि प्रत्येक शब्द तोलून घेतात. काका म्हणाले, विनंती हा शब्द आपण का वापरायचा? एजवेअरहून कुणी म्हणालं, मग ‘मागणी’ लिहा. दोन रविवार गेले. शब्द ठरला तेव्हा अर्जाची मुदत संपून गेली होती. कौन्सिलकडून अगदी सभ्य उत्तर आलं: सहलीला या, आनंद करा, लाउडस्पीकर मात्र यंदा नाही.

त्या रात्री जेवताना मी पप्पांच्या घशाकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात दिवा लागला.

मी दोन वॉकीटॉकी आणले. एक पप्पांच्या हातात दिला, बटण दाखवलं, ओठांजवळ धरायला सांगितलं आणि दुसरा घेऊन बागेच्या अगदी टोकाला, कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. सेट कानाला लावला. खर्र झालं. आणि मग कानाच्या आत, अगदी आत, पप्पा बोलले. कुजबुज होती, पण मोठी होती, भरलेली होती. माइक ओठांशी असला की कुजबुजीलाही अंग येतं. त्यातला श्वास ऐकू येत होता, शब्दाच्या शेवटी ते घेतात तो छोटा थांबा ऐकू येत होता, म्हणजे सगळे पप्पाच ऐकू येत होते.

ते म्हणाले, “कुंपणावर चढू नकोस. मोडेल.”

मी बागेतून नाचत आत आले. “पप्पा, जयंतीला तुम्ही बोलणार! प्रत्येकाच्या हातात एक सेट, तुम्ही बाकावर बसून हळू बोला, सगळ्यांना ऐकू जाईल. लाउडस्पीकर नाही, परवानगी नको, कायद्यात बसतं!”

त्यांचा चेहरा मिटला. त्यांनी सेट टेबलावर ठेवला. “लोक कीव करतील,” ते म्हणाले.

“नाही करणार.”

बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग मला जवळ बोलावलं. “एकदा,” ते म्हणाले. “एकदाच. तिथे फसलं, तर मला पुन्हा कधी बोलायला सांगायचं नाहीस. तू नाही, मम्मी नाही, कमिटी नाही. कबूल?”

मी कबूल म्हटलं. मम्मीने माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. ताटातला भात तिने उगाच इकडून तिकडे केला.

कमिटीला कल्पना इतकी आवडली की चॅनल कुठलं घ्यायचं यावर मतदान झालं, आणि एकमताने चौदा ठरलं. एप्रिलची चौदा तारीख, दुसरं कुठलं असणार! माझ्या सेटवर चौदा होतं, स्कॅनरवर ते रिकामं होतं, कॉमनवर जाऊन मी खात्री केली होती. सगळ्यांना निरोप गेला: घरात पोरांचे वॉकीटॉकी असतील ते घेऊन या, चॅनल चौदा, बॅटऱ्या भरून आणा.

जयंतीला ऊन होतं, वारा होता, आणि आमची माणसं मोटारींतून उतरत होती ती पाहुण्यांसारखी नाही तर स्वारीवर निघाल्यासारखी. पांढऱ्या साड्या, निळे रुमाल, पातेली, चटया, घडीच्या खुर्च्या. आणि सेट! काळे सेट, पिवळे सेट, बेडकाच्या आकाराचे, एक तर गुलाबी, त्यावर परी. ती परी काकांच्या वाट्याला आली. काका थ्री-पीस सुटात होते.

मम्मीची मैत्रीण आम्हा सगळ्यांची सिस्टर मावशी. वॉर्डची सिस्टर म्हणून निवृत्त झाली, पण अजून माणसाला बघितलं की आधी नखांचा रंग बघते. गुडघे धरलेले म्हणून ती लांब पार्किंगजवळ मोटारीत बसली होती, हातात बेडूक. तिथून मोठ्याने ओरडली, “अगं, माझ्याकडे चौदा नाही! माझं आठला संपतं!”

माझ्याकडेही आठच, काका म्हणाले. इकडून तिकडून आवाज यायला लागले. जुन्या सेटवर आठच चॅनल असतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सगळा पट्टा ऐकून झाला होता, पण चौदा म्हटल्यावर मला दुसरं काही दिसलंच नव्हतं.

मी बाकावर उभी राहून स्कॅनर लावला. एकवर कुणाची तरी पार्टी. दोनवर कोच. तीनवर कुत्रंवाले. चार वॉर्डनचं, त्याला कुलूप. पाचवर कुणी पतंग उडवत होतं. सातवर, आठवर गवंडी. मध्ये एकच जागा शांत होती.

“सहा,” मी ओरडले. “सगळ्यांनी सहावर या!”

“जयंतीला सहा?” मोटारीच्या खिडकीतून सिस्टर मावशी म्हणाली. “सहा डिसेंबरचं सहा? आज वाढदिवस आहे गं, आज कसलं सहा!”

काकांनीही मान हलवली. वाट्टेल ते म्हणा, लोक हलेनात. ज्यांची जयंती, त्यांचं निर्वाण ज्या तारखेला झालं तो आकडा जन्मदिवशी कुणालाच लावायचा नव्हता. आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, यावर पप्पांचीच तीन पत्रकं आहेत. ती वाटलेली माणसं समोर सेट हातात धरून तशीच उभी होती. मी बाकावरून उतरून बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात पप्पा बाकावरून उठले. स्वतःचा सेट वर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि चॅनलचं बटण सहापर्यंत दाबत नेलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “लोकांना सांग, ती तारीखही त्यांचीच.”

मी सांगितलं. खटखट, खटखट करत सगळे सेट सहावर आले. मावशी शेवटी आली.

मग अध्यक्ष उठले. हातात परी. काकांनी बटण दाबलं आणि सुरुवात केली ती त्यांच्या पद्धतीने: आजच्या या मंगल प्रसंगी विचारमंचावर उपस्थित असलेले मान्यवर, विचारमंच म्हणजे बाक, त्यानंतर ज्येष्ठ, त्यानंतर महिला मंडळ, त्यानंतर युवा, त्यानंतर बालगोपाळ, लंडनहून आलेले, ल्युटनहून आलेले, येऊ न शकलेले. ते ‘येऊ न शकलेल्यां’पर्यंत आले आणि सेटने टुक्‌ केलं आणि तो बंद पडला. या सेटना तीन मिनिटांची मर्यादा असते. कुणी बटण धरूनच बसलं तर ते स्वतःच बोलणं तोडतात. काकांना ते कळलं नाही. ते गुलाबी परीशी मनापासून बोलत राहिले.

“काका, तुमचं ऐकू येणं बंद झालं!”

“मी अजून प्रस्तावनेवर आहे!”

“तेच तर!”

हशा उठला. काकाही हसले, आणि त्यांनी परी खाली ठेवली. पप्पांची पाळी आली.

ते बाकावर बसले. सेट ओठांजवळ नेला. मला त्यांच्या मानेवरचा व्रण दिसत होता, कॉलरच्या वर, गुलाबी. त्यांनी बटण दाबलं.

“जय भीम,” ते म्हणाले, आणि बटण सोडलं.

आता आमच्या माणसांना कुणी जय भीम म्हटलं आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नाही. झोपेत म्हटलं तरी उत्तर येतं. कॉमनभर पसरलेल्या प्रत्येक माणसाने आपापलं बटण दाबलं आणि मनापासून जय भीम म्हटलं. सगळ्यांनी एकाच क्षणी, एकाच चॅनलवर. जे निघालं ते मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं होतं. कुणालाच काही ऐकू गेलं नाही, म्हणून सगळ्यांनी पुन्हा म्हटलं.

पप्पांनी थांबून परत प्रयत्न केला. जय भीम, आणि पुन्हा तीच किंकाळी. बेडूक, परी, पिवळे, काळे, सगळे एकदम केकाटले. कुत्रंवाल्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. तळ्याकडचे लोक वळून बघायला लागले. पप्पांनी सेट हळूच गुडघ्यावर ठेवला. ते हसत होते, पण ते हसू मला ओळखीचं होतं. फोन मम्मीकडे देताना ते असंच हसायचे. त्यांचा अंगठा बंद करायच्या बटणाकडे जाताना मी बघितला.

मी बाकावर चढले. माझा घसा काही बिघडलेला नव्हता.

“बटणाला कुणी हात लावायचा नाही! जो बटण दाबेल त्याला जेवण नाही!”

“अगं, पण जय भीमला उत्तर द्यायचं नाही?” सिस्टर मावशी मोटारीतून ओरडली. “काही रीतभात आहे की नाही!”

“द्या ना! बटणाने नाही, तोंडाने द्या! लाउडस्पीकरला बंदी आहे, घशाला नाही!”

मी खाली उतरले. पप्पांकडे बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती, नुसतं म्हटलं, “पप्पा, अजून एकदा. ते ‘एकदा’ अजून झालंच नाहीये, हे त्यातच धरा.” कबुलीच्या अटीत हे बसत नव्हतं. मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

खर्र झालं. प्रत्येक कानात, चटयांवर, खुर्च्यांवर, पार्किंगमधल्या मोटारीत, तो भरलेला, श्वास असलेला आवाज आला.

“जय भीम.”

आणि कॉमनच्या चारी बाजूंनी उत्तर आलं. झाडांखालून, तळ्याकडून, आणि सगळ्यात शेवटी, जरा उशिरा, पार्किंगमधून मावशीचं, सगळ्यांपेक्षा मोठं. पप्पा दचकले. दोन्ही बाजूंना बघितलं. हॉलमध्ये उत्तर समोरून येतं. इथे ते पाठीमागूनही आलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की वारा लागला, ते मी विचारलं नाही.

मग ते बोलले. पूर्वीसारखं लांब वाक्य त्यांना धरता येत नव्हतं. छोटी छोटी वाक्यं आली. म्हणाले, आपण इतकी वर्षं भाड्याच्या हॉलमध्ये जमलो. साडेपाच वाजले की दारात केअरटेकर किल्ल्या वाजवायचा. माझी कितीतरी भाषणं त्या किल्ल्यांनी संपवली. आज किल्ल्या नाहीत. म्हणाले, सार्वजनिक हा शब्द आपल्याला कुणी फुकट दिलेला नाही. विहीर सार्वजनिक होती, रस्ता सार्वजनिक होता, फक्त आपण सोडून. म्हणून गवतावर बसलात तर ऐसपैस बसा. तीन मिनिटांनी सेट टुक्‌ करून तोडायचा, आणि त्या थांब्यात लोक टाळ्या वाजवायचे; पप्पांनी ते इतक्या लवकर ओळखलं की पुढे पुढे ते बरोबर टाळीच्या वाक्यावर आणून सोडायला लागले. काका माझ्या शेजारी पुटपुटले, “मला हे आधी सांगितलं असतंस तर!” मम्मी गवतावर बसून सेट दोन्ही हातांनी कानाला धरून होती, पप्पा तिच्यापासून चार पावलांवर असताना.

संपलं तेव्हा गवतावरून वॉर्डन येताना दिसला. तोच, लाल नाकाचा. तो बाकापाशी आला तेव्हा त्याच्या कमरेवरच्या सेटमधून कुणीतरी विचारत होतं, तिकडे एवढा आरडाओरडा कसला आहे.

वॉर्डनने सेट उचलला, आमच्या चटयांकडे, पातेल्यांकडे, काकांच्या हातातल्या परीकडे बघितलं. “काही नाही,” तो म्हणाला. “कुणाचा तरी वाढदिवस आहे.”

मग त्याने मला विचारलं, “चारला हात लावला नाहीत ना?”

“कुलूप लावलंय.”

“आणि वाढदिवस कुणाचा?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण पप्पांनी हाताने मला थांबवलं. त्यांनी वॉर्डनला जवळ बोलावलं. वॉर्डन वाकला. ऐकू आलं नाही म्हणून आणखी वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून, कान पप्पांच्या तोंडाशी नेऊन. पप्पांनी सुरुवात केली ती अगदी पहिल्यापासून, महूच्या छावणीपासून.

मी सेट गोळा करायला गेले. बेडूक घ्यायला पार्किंगपर्यंत जावं लागलं, मावशीने माझी नखं बघितली, रक्त कमी आहे म्हणाली, वाटीभर खीर दिली. ती खात परत आले, तेव्हा पप्पा शाळेच्या दिवसांपर्यंत पोचले होते आणि वॉर्डन अजून वाकलेलाच होता. मम्मी त्याच्यासाठी घडीची खुर्ची घेऊन निघाली होती.